बिनपाकिटाचा नाश्ता

एका सकाळी अनंतराव पांढरीपांडे यांच्यापुढे पोह्यांच्या बशीऐवजी थंड दुधाची वाटी आली. दुधावर तपकिरी रंगाच्या बारीक रिंगा तरंगत होत्या. अनंतरावांनी आधी वाटीकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं. वरून काहीतरी पडलं असावं, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता.

"बाबा, सिरियल आहे ते," त्यांची सून देवश्री पदर खोचत म्हणाली. "आईंचे गुडघे धरलेत, मला शाळेत शिकवायला पळायचंय. पोहे कोण करणार? आणि हे हेल्दी असतं. निधी रोज खाते."

नात निधी वाटीत तोंड घालून रिंगा वेचत होती. तिनं मान हलवून आईला दुजोरा दिला.

आता अनंतराव म्हणजे कोण, हे इथे सांगायला हवं. रायपूरच्या मालधक्क्यावर त्यांनी उभी हयात काढली होती. बंद पोत्यावर नुसता पंजा ठेवून आत तूर आहे की चणा, हे ते सांगत. मोठमोठे व्यापारी गुढियारीच्या बाजारातून त्यांना हाक मारायला येत, असं ते स्वतः सांगत असत, आणि ते खोटं आहे असं म्हणणारा कोणी आता हयात नव्हता. अशा माणसाला घरचीच सून धान्य म्हणून मधोमध भोक पडलेली वस्तू खाऊ घालत होती!

त्यांनी पाकीट मागवलं. पाकिटाच्या पुढच्या बाजूला गव्हाचं शेत होतं, उगवता सूर्य होता, हसणारी आई होती आणि सगळ्यांच्या डोक्यावर मधाची धार होती. मागच्या बाजूची अक्षरं मात्र इतकी बारीक की त्यांना पंचांगाचं भिंग आणावं लागलं. अनंतराव मोठ्यानं वाचू लागले. धान्याचं पीठ. ठीक. साखर. पुढे ग्लुकोज सिरप. पुढे माल्टचा अर्क. सर्वांत शेवटी, कोपऱ्यात अंग चोरून, मध.

"एकच साखर चार नावानं आली हाय इथं," ते म्हणाले. "मालधक्क्यावर असा माल आला असता तर मी वॅगनच उतरू दिली नसती."

"त्यात लोह आहे, जीवनसत्त्वं आहेत," देवश्री म्हणाली. "तेही लिहिलंय, बाबा. तेही वाचा की मोठ्यानं."

ते अनंतरावांनी मनात वाचलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. हा सगळा हिशेब एका वेळच्या तीस ग्रॅमचा होता. तीस ग्रॅम म्हणजे किती? घरातला काटा पोत्यांच्या माणसाला शोभेल असाच होता, किलोखालचं त्याला कळत नसे. तेव्हा अनंतराव दुपारी स्कूटरवर बसून थेट सदर बाजारात गेले, ओळखीच्या सराफाच्या गादीवर चढले आणि खिशातून रिंगांची पुडी काढली. सराफानं सवयीनं आधी एक रिंग भिंगाखाली धरली. मग न हसता त्यानं तीस ग्रॅम तोलून दिले. शेजारी मंगळसूत्र पाहायला आलेलं कुटुंब मात्र हसलं. अनंतरावांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाला एवढं सोसावंच लागतं.

घरी येऊन त्यांनी ते तीस ग्रॅम निधीच्या वाटीत ओतले. वाटीचा तळ जेमतेम झाकला.

"पाहा!" ते गरजले. "हिशेब एवढ्याचा, अन् पोट्टी खाते याच्या दुप्पट. मंग साखर किती झाली?"

देवश्रीनं वाटी हातात घेऊन पाहिली. हा मुद्दा खरा होता आणि ती प्रामाणिक बाई होती. "दुप्पट झाली," ती म्हणाली. "मान्य. मग सकाळी हिला काय द्यायचं तेवढं सांगा. आणि करणार कोण तेही सांगा."

इथे अनंतरावांनी पाणी पिऊन गप्प बसायला हवं होतं. पण निधी मध्येच बोलली. ही मुलगी मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. "आबा को तो चाय भी बनानी नहीं आती."

"मी करीन!" अनंतराव म्हणाले. "घरचं सिरियल. बिनपाकिटाचं. अन् तू ते मागून मागून खाशील. नाही खाल्लं, तर मी जन्मभर तुह्या त्या रिंगा खाईन. पांढरीपांड्याचा शब्द हाय."

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "अरे देवा."

शब्द घरातच राहिला असता तर बरं झालं असतं. पण शेजारी श्यामकांत बक्षी राहत असत आणि ते कॉलनीच्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. चिटणिसाला दोन कान आणि एक मोबाइल असतो. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर जाहीर झालं की पाडव्याच्या मेळाव्यात आपले ज्येष्ठ सभासद अनंतरावजी आरोग्यदायी नाश्त्याचं प्रात्यक्षिक दाखवतील, तरी सर्वांनी सहकुटुंब यावं.

"मले न विचारता काहून टाकलं हो?" अनंतरावांनी कुंपणावरून विचारलं.

"अहो, मंडळाची शान हाय ते," श्यामकांतराव म्हणाले. "दरवर्षी तेच ते, पोट्ट्यांचे नाच अन् अध्यक्षांचं भाषण. या वर्षी विज्ञान होऊन जाऊ द्या."

विज्ञानाचा आरंभ ज्वारीपासून झाला. अनंतराव गुढियारीच्या ठोक बाजारात गेले ते चार-पाच किलो ज्वारी आणायला. पण ज्या दुकानात ते शिरले तिथे पोत्याखाली बोलत नसत. गादीवर बसलेल्या तरुण व्यापाऱ्यानं विचारलं, "कितने बोरे, बाबूजी?" ज्या माणसानं त्याच बाजारासाठी वॅगनीच्या वॅगनी उतरवल्या, त्यानं तिथे 'चार किलो' हे शब्द कोणत्या तोंडानं काढायचे? अनंतरावांनी एका पोत्यावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ये वाला."

ई-रिक्षातून पोतं उतरताना मंदाकिनीबाई दारातच उभ्या होत्या. "लग्न हाय का घरात?" त्यांनी विचारलं. "का ज्वारीत पोहायचं हाय?"

"कमी पडाले नको," अनंतराव म्हणाले.

मग त्या ज्वारीला चपटं करणं आलं. मंदाकिनीबाईंनी सुचवलं की सरळ लाह्या फोडा, मोकळे व्हा. पण अनंतरावांच्या मते लाही ही लाही असते आणि सिरियल हे चपटं असतं. भिजवून, वाफवून त्यांनी दाण्यांवर लाटणं फिरवलं; दाणे घरंगळून फ्रिजखाली गेले. वरवंटा आपटला, त्याचं पीठ झालं. शेवटी मुलगा सचिन त्यांच्या कामी आला. तो सिलतऱ्याला पोलादाच्या कारखान्यात होता. त्यानं ओळखीच्या वर्कशॉपवाल्याकडून दोन लोखंडी रोलर आणि एक दांडा असं यंत्र करवून आणलं. ते टेम्पोतून उतरवायला गल्लीतली झाडून सगळी पुरुषमंडळी लागली. व्हरांड्यात ठेवताच खालच्या फरशीला आडवी चीर गेली.

"एवढं जड काहून रे?" अनंतरावांनी विचारलं.

"बाबा, तो सळया बनवणाऱ्यांचं काम करतो. त्याले लोखंड समजते, ज्वारी नाही," सचिन म्हणाला.

यंत्र फिरवायला दोघं लागत. बापलेक पहाटे दांड्याला लोंबकळत आणि मालगाडी रूळ बदलताना होतो तसा आवाज साऱ्या मोहल्ल्यात घुमे. समोरच्या सरिता दीदी पहिल्या दिवशी भूकंप समजून नवऱ्याला घेऊन रस्त्यावर आल्या, नातवाची शाळेची बॅगही त्यांनी वाचवून आणली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र त्या चहा घेऊन बघायला आल्या, कारण त्या दिवशी यंत्रातून खरोखर चपटी, पातळ, पांढरीशुभ्र ज्वारी बाहेर पडली होती. अनंतरावांनी एक पापुद्रा उजेडाकडे धरला. त्यातून त्यांना पलीकडची जास्वंद दिसली. नोकरीत बढतीचा कागद हातात आला तेव्हाही त्यांना इतकं भरून आलं नव्हतं.

निधीनं मात्र दुधात भिजलेला एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावला. "आबा, ये कैलेंडर जैसा लग रहा है," ती म्हणाली.

ही बातमीही कुंपणापलीकडे गेली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. श्यामकांतराव म्हणाले, गूळ घाला, गुळात लोह असते. घातला. निधी म्हणाली, "थोड़ा अच्छा है." सरिता दीदी म्हणाल्या, गूळ कच्चा कशाला, तुपात पाक करून परता, तूप बुद्धीला चांगलं. परतला. निधीनं अर्धी वाटी संपवली. मंदाकिनीबाईंनी खजूर सुचवला; खजुरानं अंगात ताकद येते. कोपऱ्यावरचा किराणावाला राकेश म्हणाला, "शहद डालिए बाबूजी, शहद तो दवाई है." अनंतरावांनी मधही घातला. प्रत्येक जिन्नस पौष्टिक होता, प्रत्येक जण 'थोडासाच' म्हणत होता, आणि प्रत्येक थोड्याशागणिक निधीची वाटी अधिक स्वच्छ होत होती. अखेर एके सकाळी तिनं वाटी पुढे केली आणि म्हणाली, "आबा, और है क्या?"

अनंतरावांनी सगळ्या घराकडे आळीपाळीनं पाहिलं. देवश्रीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिनं हात जोडले. रिंगांचं पाकीट फडताळात मागे गेलं.

मेळाव्याला आठवडा उरला तेव्हा श्यामकांतरावांना आठवलं की प्रात्यक्षिकानंतर लोकांना या ज्वारीचे डबे विकायचे तर नोंदणी लागते. म्हणून अनंतराव इस्त्रीचा सदरा घालून डब्यासह नोंदणीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाई अत्यंत सौजन्यानं बोलल्या. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. "किस श्रेणी में है, बाबूजी? बेकरी, नमकीन, मिठाई, अचार-पापड़?"

"आरोग्य," अनंतराव म्हणाले.

"वो दूसरा विभाग है. अस्पताल के बाजू में."

अनंतरावांनी शांतपणे डबा उघडला आणि बाईंना चमचाभर दिलं. बाईंनी खाल्लं, डोळे मिटले, आणखी चमचाभर घेतलं. "बहुत बढ़िया," त्या म्हणाल्या. "मिठाई में डाल दूँ?"

अनंतरावांनी डबा बंद केला. मिठाई! आयुष्यात त्यांचा असा अपमान झाला नव्हता, आणि तोही कोणी तारीफ करता करता. आपण विकणारच नाही, फुकट वाटू, असं बाणेदारपणे सांगून ते जिना उतरले. स्कूटर चालवताना त्यांना वाटेत दोनदा तो शब्द आठवला. दोन्ही वेळा त्यांनी हॉर्न वाजवला.

पाडव्याला मंडळाचं सभागृह भरलं. व्यासपीठावर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर दोन वाट्या. एकीत पाकिटातल्या रिंगा, दुसरीत अनंतरावांची ज्वारी. बाजूला उभ्या केलेल्या गुढीला साखरेची गाठी होती आणि मुंग्यांना तिचा पत्ता आधीच लागला होता. त्या पाहून अनंतरावांना ऐनवेळी असा विचार सुचला की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. ते माइकसमोर गेले.

"मी भाषण करनार नाही," ते म्हणाले. "आमच्या घरी वाद झाला, का हे पाकिटातलं सिरियल खरंच पौष्टिक असते का नुसती साखर. माह्यं म्हणनं, साखर. तुम्ही मले मानू नका, सुनेले मानू नका. ह्या दोन वाट्या इथंच राहू द्या. ज्यात साखर जास्त, त्याच्याकडे मुंग्या जातीन. त्यांले पाकिटावरचं चित्र दिसत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्यामकांतराव तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग अध्यक्ष बोलायला उठले आणि अध्यक्ष उठले म्हणजे मुंग्यांना भरपूर वेळ होता.

अध्यक्ष मंडळाच्या स्थापनेपर्यंत पोचले तोवर पहिली मुंगी टेबलावर आली. पुढच्या रांगेतली माणसं सरसावून बसली. मुंगी रिंगांच्या वाटीपाशी थांबली, मिशा हलवल्या, वाटीला अर्धा वळसा घातला आणि पुढे गेली. ती सरळ अनंतरावांच्या वाटीवर चढली. मागून दुसरी आली. मग ओळच लागली. काही तर गाठी सोडून येत होत्या. अध्यक्ष इमारत फंडावर आले तेव्हा अनंतरावांची ज्वारी काळी दिसत होती आणि रिंगांच्या वाटीत एकच म्हातारी मुंगी, बहुधा चुकून, फिरत होती.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अनंतरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. समोर देवश्री बसली होती. ती हसत नव्हती, ती खाली मान घालून रुमालाची घडी करत होती. ते त्यांना जास्त लागलं.

तेवढ्यात श्यामकांतरावांनी झडप घालून माइक घेतला. चिटणीस तो चिटणीस. "मंडळी, सिद्ध झालं!" ते ओरडले. "मुंगीले अस्सल माल समजते! पाकिटातल्या मालाले मुंगीसुद्धा तोंड लावत नाही, यावरून समजून घ्या! शुद्ध घरगुती वस्तूवरच जीव येतो!"

"हव, सही बात!" सरिता दीदी म्हणाल्या. लोकांना पटलं. खरं तर फारच पटलं. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी आधीपेक्षा जोरात. अध्यक्षांनी शाल मागवली. अनंतरावांनी फक्त उभं राहून मान लववायची होती. शब्द राहिला असता, पांढरीपांड्यांचं नाव राहिलं असतं, आणि कॉलनीतली निम्मी घरं उद्यापासून गुळाच्या पाकातली ज्वारी पौष्टिक म्हणून पोरांना घालू लागली असती.

शाल अंगावर येत होती. अनंतरावांनी ती हातानं थांबवली.

"थांबा जी," ते म्हणाले. त्यांनी माइक हातात घेतला. "श्यामकांतराव, तुम्ही मले वाचवून राहिले, पन मले असं वाचायचं नाही. मुंग्या शुद्धपनाले आल्या नाहीत. गुळाले आल्या. यात गूळ हाय, खजूर हाय, मध हाय. पोट्टी खात नव्हती म्हनून मी घालत गेलो. ती खात गेली, मी फुगत गेलो. पाकिटवाल्यानं साखर चार नावानं घातली म्हनून मी त्याले चोर म्हटलं. मी तीन नावानं घातली अन् तिले आरोग्य म्हटलं. त्यानं निदान मागं बारीक अक्षरात लिहून तरी ठेवलं होतं."

अध्यक्षांनी शालीची घडी घातली.

"त्या रिंगांत साखर हायच," अनंतराव पुढे म्हणाले, "माह्यं म्हणनं मी सोडत नाही. पन मुंग्यांनी आज मले बी पकडलं. माह्या डब्यात त्याहून जास्त हाय. पोरांले देऊ नका. दिवाळीले खा." मग ते देवश्रीकडे वळले. "सूनबाई, चारचौघांत तुह्या पाकिटाले नावं ठेवली. तर चारचौघांतच सांगतो, तू अन् मी सारखेच फसलो."

ते माइक ठेवून खाली उतरले. व्यासपीठाच्या दोन पायऱ्या फार उंच वाटत होत्या. पहिली टाळी देवश्रीनं वाजवली. ती उभी राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, आणि वर्गात बोलायची सवय असल्यामुळे तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "कोणता पाकीटवाला असा समोर उभा राहून सांगेल हो?"

मग मात्र सभागृहानं ज्या टाळ्या वाजवल्या त्या थांबेचनात. शाल शेवटी अंगावर पडलीच. त्याखाली अनंतराव ताठ बसले होते, जणू शाल नव्हे, जिरेटोपच चढवला आहे. शेजारी मंदाकिनीबाई बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं तोंडावर कौतुक करायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी फक्त शालीचं टोक सारखं केलं आणि मागे वळून कोणाला तरी म्हणाल्या, "आमचे हे."

दुसऱ्या दिवसापासून एक नवाच ताप सुरू झाला. लोक पाकिटं घेऊन अनंतरावांकडे येऊ लागले. कोणी बिस्किटं आणी, कोणी 'नो शुगर' लिहिलेला रस, कोणी स्वतःच्या सासूबाईंनी पाठवलेले लाडू. अनंतराव भिंग घेऊन व्हरांड्यात बसत, चिरलेल्या फरशीवर खुर्ची टाकून. चांगलं असेल ते चांगलं म्हणत. एका साध्या ओटच्या पाकिटाची त्यांनी खुल्या दिलानं तारीफ केली, कारण त्यात ओटखेरीज काहीच नव्हतं. राकेश किराणावाला येऊन हात जोडून गेला. "बाबूजी, मेरी दुकान पे थोड़ी दया रखिए," तो म्हणाला, आणि जाताना स्वतःच्या मुलाच्या नाश्त्याचं पाकीट वाचायला देऊन गेला.

पण अनंतरावांचं मन त्यात पुरतं नव्हतं. दिलेला शब्द अजून फिटला नव्हता. एका पहाटे सचिनला हलवून त्यांनी पुन्हा यंत्र फिरवलं. ज्वारी वाफवून, चपटी करून, कोरडी भाजली. गूळ नाही, खजूर नाही, मध नाही. मंदाकिनीबाई स्टुलावर बसून सांगत गेल्या आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोडणी केली. जिरं, हिंग, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे. कढीपत्ता उडाला तेव्हा ते मागे सरकले, पण कढई सोडली नाही. वरून ताजं ताक ओतलं आणि वाटी निधीपुढे ठेवली. घरातल्या चौघांनीही आपापली कामं चालू असल्याचं दाखवलं.

निधीनं वास घेतला. एक घास खाल्ला. मग दुसरा. मग कपाळाला आठ्या घालून तिनं चमचा वाटीच्या काठावर ठेवला.

"आबा, नमक कम है."

ज्या अनंतरावांच्या कामात रेल्वेच्या साहेबालाही कधी खोट काढता आली नव्हती, ते ताडकन उठले. मान वर, खांदे मागे, अशा थाटात ते स्वयंपाकघरात गेले आणि मिठाचा डबा दोन्ही हातांत धरून घेऊन आले.